लाडूची बुंदी होईपर्यंत : गज कुरतडणाऱ्या हॅमस्टरसोबत तीन महिने

खिडकीच्या ग्रिलवर कुणी कानस घासत बसावं, तसा आवाज. कर्र-कर्र-कर्र, मग जरा थांबून एक ‘टण्’, की पुन्हा कर्र-कर्र. रात्री अकराला सुरू व्हायचा आणि तीन वाजेपर्यंत चालायचा. २०२४च्या ऑगस्टमध्ये आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार माणसं हा आवाज ऐकत छताकडे बघत पडलेली असायची. तेव्हा मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते बराच वेळ शोधलं आणि काही मिळालं नाही. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवते आहे. तारखा माझ्या लक्षात आहेत असं नाही, सासूबाईंच्या वहीत आहेत. ती वही पुढे येईलच.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार. लेकीच्या नवव्या वाढदिवसाला कुत्रा नको, मांजर नको, असं दोन वर्षं म्हणत आम्ही शेवटी हॅमस्टरवर, म्हणजे उंदरासारख्या एका छोट्या गुबगुबीत प्राण्यावर आलो. दुकानदाराने एका काचेच्या खोक्यातून सोनेरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा एक गोळा काढून तिच्या ओंजळीत ठेवला आणि विषय संपला. हॅमस्टर ६०० रुपये. निळ्या गजांचा, वर कडी असलेला पिंजरा १,४५० रुपये. त्यात पिवळं प्लॅस्टिकचं चाक फुकट. भुशाचं पाकीट, झोपायला म्हणून रंगीत कापूस आणि सूर्यफुलाच्या बियांनी भरलेलं खाणं मिळून ४३०. “दोन घ्या ताई, एकटा कंटाळतो,” असं तो म्हणाला. पैसे वाचवायला म्हणून आम्ही एकच घेतला. हे सोनेरी म्हणजे सीरियन हॅमस्टर एकटेच राहणारे असतात, दोन मोठे एका पिंजऱ्यात ठेवले तर जिवावर बेतेपर्यंत भांडतात, हे आम्हाला नंतर कळलं. आमची कंजुषी एकदा तरी कामी आली.

पावती मागितली तर “पावतीचं काय करणार?” असं उत्तर मिळालं. २०१८च्या पेट शॉप नियमांप्रमाणे अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. निदान दुकानदार तुमच्याशी जरा सांभाळून बोलेल.

नाव ठेवलं लाडू. सासूबाईंनी पिंजऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “एवढ्यात तर माझे दोन किलो कांदे मावायचे नाहीत.” आम्ही हसलो. उंदीर पाळायलाच त्यांचा विरोध होता, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्ही त्या खात्यात टाकलं.

पहिले तीन दिवस लाडू कापसात गुंडाळून पडून होता. चौथ्या रात्री आवाज सुरू झाला.

आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण तुम्हीही हेच करणार. आधी वाटलं भूक लागली असेल. आवाज आला की उठायचं आणि गजांतून एक सूर्यफुलाची बी द्यायची. तो बी गालात भरायचा, दोन मिनिटं गप्प, की परत. मग वाटलं दात वाढलेत, म्हणून चघळायला खारकेची बी दिली. तिला तोंडही लावलं नाही. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, गजांना कारल्याचा रस लावा. लावला. लाडूने एक गज चाटला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पलीकडच्या बाजूचे गज धरले. आमच्या ह्यांनी पिंजऱ्यावर चादर टाकली. आतला उकाडा वाढला, आवाज तेवढाच राहिला. एके रात्री पिंजरा बाथरूममध्ये नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. तिथे तर तो आवाज घुमायला लागला, शिवाय लेक रडत येऊन बाथरूमच्या दारात बसली. त्या रात्री मी तिच्यावर ओरडले. लाडूवरही ओरडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सासूबाईंना रात्री तशीही झोप नसते. १८ तारखेपासून त्यांनी जुन्या हिशेबाच्या वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मध्ये काय झालं. चिडून केली होती, मला दाखवायला की बघ, आमची झोप किती मोडते. पण २१ तारखेला सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, “तो भुकेने नाही करत गं. तू बी दिलीस की तो त्याच कोपऱ्यात जाऊन परत सुरू करतो. नेहमी तोच कोपरा, दाराजवळचा. बाहेर पडायचंय त्याला.”

मी तेव्हा कुठे नीट बघितलं. दाराजवळच्या दोन गजांवरचा निळा रंग निघून खालचं लोखंड दिसत होतं. आणि लाडूच्या नाकावरचे केस गेले होते. गुलाबी, सोललेली जागा, मसुराच्या डाळीएवढी.

डॉक्टर शोधणं हे एक वेगळंच प्रकरण झालं. २२ ऑगस्टला ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी चार ठिकाणी फोन केले. दोघांनी “फक्त कुत्री-मांजरं” म्हणून ठेवून दिला. तिसरीकडे फोन उचललेल्या मुलाने हॅमस्टर म्हणजे काय ते विचारलं आणि सांगितल्यावर हसला. चौथीकडे पक्षी, ससे, कासवं बघणाऱ्या एक डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी येतात असं कळलं. पहिली वेळ मिळाली २८ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा. सहा दिवस थांबायचं. फोनवर विचारायचा सरळ प्रश्न हा, “ससे आणि हॅमस्टर बघणारे डॉक्टर आहेत का, आणि कोणत्या वारी?” नाहीतर उगाच खेटे पडतात. आणि वेळ संध्याकाळचीच मागा. दिवसभर तो झोपेत असतो, भर दुपारी उपसून नेला तर आधीच घाबरलेला जीव आणखी बिथरतो.

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पिंजरा रिक्षात मावत नव्हता, म्हणून झाकणाला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात त्याचाच थोडा भुसा घालून नेला. पाण्याची बाटली वाटेत गळते, त्याऐवजी काकडीची एक चकती ठेवली. काउंटरवरच्या मुलीच्या संगणकात प्राण्याच्या रकान्यात कुत्रा, मांजर, पक्षी आणि ‘इतर’ एवढेच पर्याय होते. आमचा ‘इतर’ झाला. जात : माहीत नाही. जन्मतारीख : माहीत नाही. लसीकरणाचं कार्ड? नाही, ह्यांना लसी नसतात. तो रकाना भरल्याशिवाय पान पुढे जाईना, म्हणून तिने शेवटी आजची तारीख टाकली. त्यामुळे कागदोपत्री लाडूला २८ ऑगस्टला कसलीशी लस मिळालेली आहे.

डॉक्टर बाईंनी त्याला आधी वजनकाट्यावर ठेवलेल्या वाटीत बसवलं. ९२ ग्रॅम. मग मानेमागची सैल कातडी धरून उलटा केला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, “लाडू नाही ही. मुलगी आहे.”

लेकीने घरी येईपर्यंत विचार केला आणि रिक्षातच जाहीर केलं, की लाडू फोडला की बुंदी होते, तेव्हा आता हिचं नाव बुंदी.

तपासणीत निघालं ते असं. पुढचे दात पिवळे-नारिंगी होते, आम्हाला वाटलं होतं किडलेत. तर तो त्यांचा नेहमीचाच रंग. हे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडायला काहीतरी लागतंच. पण दात झिजवण्यासाठी कुणी रात्रीतून चार तास लोखंड चावत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. वरच्या एका दाताचं टोक उडालं होतं. ते भरून येईल, पण गज चावणं चालूच राहिलं तर दात वाकडा वाढायला लागू शकतो. नाकाची जखम वरवरची होती, मलमही दिलं नाही. चाटून पोटात जाईल म्हणाल्या.

मी निघायच्या आधी सहज पिंजऱ्याचा फोटो दाखवला. खरं म्हणजे तो सगळ्यात आधी दाखवायला हवा होता. तुम्ही जाल तेव्हा पिंजऱ्याचा समोरून आणि वरून फोटो काढून न्या, लांबी-रुंदी पट्टीने मोजून न्या. फोटो बघितल्यावर त्या परत खुर्चीत बसल्या आणि पुढची दहा मिनिटं फक्त पिंजऱ्यावर बोलल्या. कापूस आजच काढा, त्याचे धागे पायाला गुंडाळून रक्त थांबतं आणि गिळले तर आतड्यात अडकतात. भुशाची धूळ नाकात जाते. चाक एवढं लहान, की पळताना तिची पाठ कमानीसारखी वाकते. आणि खणायला जागाच नाही. “औषध पिंजऱ्याला द्यायचंय, हिला नाही,” हे त्यांचं वाक्य. शिवाय एक ताकीद. ताण आलेल्या लहान हॅमस्टरला जुलाब लागून शेपटीखालचा भाग ओला दिसायला लागला, तर वेळ मागत बसायचं नाही, त्याच दिवशी घेऊन यायचं. एका दिवसात हातचे जातात. फी ७०० रुपये.

घरी येऊन पट्टी लावली. ४७ बाय ३० सेंटीमीटर. म्हणजे १,४१० चौरस सेंटीमीटर. त्या रात्री आवाज ऐकत ऐकतच मी वाचत बसले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात ह्याच सोनेरी हॅमस्टरांवर काम झालेलं आहे. २००६ साली छापलेल्या एका अभ्यासात त्यांनी काहींना १० सेंटीमीटर, काहींना ४० आणि काहींना ८० सेंटीमीटर जाडीचा थर खणायला दिला. १० सेंटीमीटरवाले गज जास्त चावत होते. दुसऱ्या अभ्यासात चार मापांचे पिंजरे होते. त्यातला सगळ्यात लहान १,८०० चौरस सेंटीमीटरचा. आमचा त्याहूनही लहान! चावणं सगळ्याच मापांत दिसलं, पण लहान पिंजऱ्यांत ते जास्त वेळा आणि जास्त वेळ चालायचं. आमच्या पिंजऱ्यात भुशाचा थर होता तीन सेंटीमीटर. सीरियाच्या सरहद्दीजवळच्या शेतांत जे रानटी हॅमस्टर सापडले, त्यांची बिळं सरासरी ६५ सेंटीमीटर खोल होती.

आणखी एक गोष्ट वाचली, ती लेकीला फार आवडली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर १९३०मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ खणून काढलेल्या एका आईच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले आहेत. इस्रायल आहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने ती पिल्लं जेरुसलेमला आणली. तिथे त्यांना लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं, तर त्यातली काही तळ कुरतडून पळून गेली. “म्हणजे बुंदीच्या पणजीनेपण हेच केलं,” लेक म्हणाली. पणजीच्या आधी किती पिढ्या लावायच्या, ते आम्ही मोजत बसलो नाही. सोळा दिवसांत पिल्लं देणारा प्राणी आहे.

३१ ऑगस्टपासून घर शोधायला लागलो. मोठे तारेचे पिंजरे ऑनलाइन नऊ हजारांच्या पुढे, आणि त्यात पुन्हा गजच. शेवटी मासे पाळणाऱ्यांसाठी काचेच्या टाक्या बनवणाऱ्याकडे गेलो. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच, पाच मिलिमीटर काच, ४,२०० रुपये. “पाणी भरायचं नाही,” असं सांगितल्यावर तो माणूस मिनिटभर माझ्याकडे बघत राहिला. हे आवर्जून सांगा, कारण पाणी भरायचं नसेल तर जाड काच लागत नाही आणि पैसे वाचतात. चार दिवसांत देतो म्हणाला.

चार दिवसांनी गणपती आले.

७ सप्टेंबरला चतुर्थी. आमच्याकडे गौरीबरोबर विसर्जन असतं, म्हणजे १२ तारखेपर्यंत घरात आरत्या, झांजा, पाहुणे. पिंजरा आतल्या खोलीत हलवला, पण पाहुण्यांची पोरं “उंदीरमामा बघायचाय” म्हणत आत जायचीच. गजांवर बोटांनी टकटक करायची. आणि आमच्या बिल्डिंगच्या मागेच मंडळाचा मांडव. वहीत ९ सप्टेंबरची नोंद आहे, “१०:४० ते ४:१५. मध्ये थांबली नाही.” त्याखाली सासूबाईंनी लिहिलंय, “बाप्पाचं वाहन आहे, सांभाळून घे.” ह्याच बाई उंदीर नको म्हणत होत्या.

त्या दिवसांत एकच काम केलं, ते म्हणजे बाकी सगळी कामं थांबवली. आवाज आला की उठायचं नाही. बी द्यायची नाही. बाहेर काढायचं नाही. कारण वही वाचताना लक्षात आलं होतं, की ऑगस्टमध्ये मी जितक्या वेळा उठून गेले, तितका पुढच्या रात्रीचा आवाज लवकर सुरू झालाय. मी तिला शिकवत होते, की गज वाजवले की बाई येते आणि बी मिळते. आता खाणं रोज रात्री साडेनऊला, आवाज असो-नसो. उठून न जाणं हे मला कारल्याच्या रसापेक्षा कडू गेलं. कानात कापूस घालून झोपले. तिचाच, रंगीत.

टाकी आली १६ सप्टेंबरला. टेम्पोचे ४००. साधारण तीस किलोचं ते धूड लिफ्टमध्ये मावेना, ह्यांनी आणि वॉचमनदादांनी तीन मजले जिन्याने चढवलं. कोपऱ्यांना लावलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत होता. तो पूर्ण जाईपर्यंत चार दिवस टाकी उघडी ठेवली. झाकण सुताराकडून करून घेतलं, लाकडी चौकट आणि बारीक भोकांची जाळी, ८५० रुपये. वरून काचेचं किंवा पत्र्याचं झाकण चालत नाही, हवा कोंडते.

मग प्रश्न आला भरायचं काय. एका बाजूला तीस सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला बारा, असा उतार ठरवला तर हिशेब निघाला दीडशे लिटर. सासूबाई म्हणाल्या, “दीडशे लिटर म्हणजे काय, तिला पोहायला शिकवायचंय?” दुकानातली पाकिटं दहा-दहा लिटरची. तेवढी घेतली तर दिवाळं निघालं असतं. म्हणून मिसळ केली. धूळ काढलेला अ‍ॅस्पेनचा (हे एक झाड) लाकडी छिलका ऑनलाइन मागवला, कागदी बिछान्याच्या काही पिशव्या घेतल्या, त्यात बिनवासाचे पांढरे टिश्यू हाताने फाडून घातले आणि पार्सलांबरोबर येणारा तपकिरी कागद घातला. चिकटपट्टी, पिना आणि गुळगुळीत छापील कागद वेचून बाजूला काढायचे. मध्ये मध्ये वाळक्या गवताचे थर दिले, म्हणजे बोगदा ढासळत नाही. प्रत्येक थर हाताने दाबायचा, नुसता भुरभुरीत टाकला तर बीळ टिकत नाही. एकूण ३,९०० रुपये आणि लेकीची अख्खी शुक्रवार संध्याकाळ.

चाकाने सगळ्यात जास्त पिडलं. मोठ्या सीरियन हॅमस्टरला साधारण २८ सेंटीमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं चाक लागतं. काड्या-काड्यांचं चाक नको, पाय अडकून मोडतो. शहरात मिळालं नाही. ऑनलाइन मागवलं तर डब्यावर २८ लिहिलेलं आणि आत २१चं. परत पाठवलं, पैसे परत यायला बारा दिवस लागले, मधल्या काळात दुसऱ्या विक्रेत्याकडून १,९०० रुपयांना दुसरं घेतलं. डबा उघडतानाच पट्टी लावून फोटो काढून ठेवला होता, म्हणून पैसे मिळाले.

२१ सप्टेंबर, शनिवार. रात्री नऊला बुंदीला हलवलं. तिच्या जुन्या भुशातला दोन मूठ भाग आणि तिने कोपऱ्यात साठवलेल्या बिया तशाच्या तशा नव्या जागेत ठेवल्या, म्हणजे तिला तिचा वास सापडावा. आम्ही पूर्वी दर रविवारी पिंजरा साबणाने लख्ख धूत होतो. ते तिच्या दृष्टीने दर रविवारी घर फोडल्यासारखं होतं. आता फक्त ओला झालेला कोपरा काढतो.

तिने काचेला धरून एक फेरी मारली. मग उतारावर चढली, पुढच्या पायांनी दोनदा उकरलं आणि आत गेली. पुढचे दोन दिवस ती आम्हाला दिसलीच नाही.

लेकीला खात्री होती की ती गुदमरली. उकरून बघूया म्हणून हट्ट. मी ज्वारीचे पंचवीस दाणे मोजून वाटीत ठेवले आणि सकाळी परत मोजू म्हटलं. सकाळी वाटीत सहा. त्या रात्रींच्या वहीत फक्त एक आडवी रेघ आहे.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने संपवली असती. पण २५ सप्टेंबरला पहाटे दोनला परत कर्र-कर्र. गज तर नव्हते, मग काय चावते? जाऊन बघितलं तर बाईसाहेब चाकाच्या माथ्यावर चढून, दोन पायांवर उभं राहून झाकणाची जाळी चावत होत्या. मला तिथेच बसून रडू आलं. दहा हजारांच्या वर गेलेला खर्च डोळ्यांपुढे आला. ह्यांना उठवलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “जिना आपणच दिलाय की तिला.” दुसऱ्या दिवशी पाट्या बनवणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा कापून आणला, २०० रुपये, आणि चाकाच्या वरच्या भागात जाळीच्या खालून बसवला. दात धरायला काही उरलं नाही. तुम्ही टाकी कराल तर दीडऐवजी दोन फूट उंच करा, ही चूक आमच्याकडून घ्या.

ऑक्टोबरात हळूहळू तिची जागा भरत गेली. करवंटी, शेंड्या काढून, कडा पॉलिशपेपरने घासून, उपडी ठेवली आणि दाराएवढं भोक पाडलं. तिला ती फार आवडली. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू होतं तिथून दोन मुठी वाळू आणली, चाळली, धुतली, उन्हात वाळवून कढईत अर्धा तास भाजली आणि मातीच्या पसरट थाळीत ठेवली. ती त्यात लोळते. दुकानात ह्यासाठी वासाची गुलाबी पावडर मिळते, ती बारीक असते आणि फुप्फुसांत जाते, घेऊ नका. चावायला सोसायटीतल्या पेरूच्या वाळक्या काटक्या. फवारणी झालेली नाही हे माळीकाकांना विचारून घेतलं. काटक्या गोळा करायला मुलांना एकटं पाठवू नका, प्रत्येक सोसायटीत कण्हेर असते आणि ती विषारी आहे. ओला कचरा वेगळा काढताना अक्रोडाची अर्धी कवचं मात्र राखून ठेवा.

खाणं वाटीत देणं बंद केलं. ज्वारी, बाजरी, राळे, थोड्या भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या फक्त तीन-चार, असं मिश्रण रात्री साडेनऊला टाकीभर पेरून टाकायचं. सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतलं. शेतात पेरणी बघितलेली बाई, त्या चिमटीने टाकतात. मग बुंदी दीड-दोन तास ते शोधत फिरते. पूर्वी हाच वेळ गजांवर जायचा.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, सासूबाईंनी वही माझ्यापुढे ठेवली. “मला एक दिसतंय. खरं की खोटं तू सांग.” त्यांनी वाईट रात्रींभोवती लाल गोल केले होते. दर चौथ्या रात्री एक गोल. मधल्या रात्री जवळजवळ रिकाम्या, आणि चौथ्या रात्री ती जाळीपाशी, काचेच्या कोपऱ्यात, चाकावर, नुसती सैरभैर. मी डॉक्टरांना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. सीरियन हॅमस्टरच्या मादीचं पाळीसारखं चक्र चार दिवसांचं असतं, त्या रात्री ती जास्त हिंडते. आजार नाही, काही करायचं नाही.

हे मी येऊन सांगितल्यावर सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “चार दिवसांनी? बिचारी.” आणि त्या दिवसापासून दर चौथ्या रात्री तिला एक जास्तीची भोपळ्याची बी मिळते. मी म्हटलं आई, असं केलं की सवय लागते. त्या म्हणाल्या, “लागू दे.” मी वाद घातला नाही. बी साडेनऊच्या पेरणीतच टाकतात, आवाजानंतर नाही, एवढी तत्त्वनिष्ठा त्यांनी पाळली आहे.

दिवाळीने मात्र परीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाच्या रात्री खालच्या पार्किंगमध्ये माळा लागल्या. खिडक्या बंद, पंखा मोठा, टाकीच्या तीन बाजूंना गोधडी, वरची जाळी उघडी. तरी ती बिळातून दहा वेळा बाहेर आली, कान ताठ, आणि झाकणाकडे तोंड करून उभी राहिली. लेकीला तिला कुशीत घ्यायचं होतं. मी नको म्हटलं. घाबरलेल्या हॅमस्टरला हातात धरणं म्हणजे त्याच्या दृष्टीने आणखी एक पकडणारा. आम्ही दोघी टाकीशेजारी जमिनीवर बसून राहिलो, दिवा मालवून, एकमेकींशी हळू बोलत. बाराच्या पुढे फटाके थांबले. ती आत गेली. पाडव्यालाही तेच. भाऊबीजेच्या रात्री वहीत परत आडवी रेघ.

९ नोव्हेंबरला पुन्हा दवाखाना. फी ४००. संगणकात नाव अजून लाडूच, नर. बदलायला ‘विनंती अर्ज’ भरावा लागेल असं ती मुलगी म्हणाली, आम्ही राहू दे म्हटलं. वजन १२८ ग्रॅम. नाकावर केस आलेले, तुटलेला दात शेजारच्या दाताच्या बरोबरीला. डॉक्टरांनी वहीची पानं चाळली, आणि एका पानाचा फोटो काढू का म्हणून विचारलं. सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांनी पदर सारखा करून “काढा की” म्हटलं.

एकूण हिशेब, रिक्षा सोडून : १५,०३० रुपये. ६०० रुपयांच्या जिवावर. सुरुवातीलाच टाकी केली असती तर त्या निळ्या पिंजऱ्याचे आणि गुलाबी कापसाचे तरी वाचले असते. वेळ लागला आठ-नऊ आठवडे, आणि त्यातला अर्धा वेळ टाकी, चाक आणि डॉक्टर यांची वाट बघण्यात गेला. आवाज पूर्ण थांबला का? नाही. चौथ्या रात्री अजूनही दहा-पंधरा मिनिटं ती काचेचा कोपरा खरवडते. आता आम्हाला त्याने जाग येत नाही, सासूबाईंना येते, पण त्या जाग्याच असतात.

निळा पिंजरा बरेच दिवस बाल्कनीत पडून होता. खालच्या मजल्यावरच्या मुलाने मागितला होता, त्यालाही हॅमस्टर घ्यायचाय. त्याला टाकी बनवणाऱ्याचा नंबर दिला, पिंजरा नाही दिला. मग एक दिवस तो स्वयंपाकघरात दिसला, ओट्याखाली. दार काढून टाकलेलं, आत वर्तमानपत्र अंथरलेलं आणि वर कांद्यांचा ढीग. दोन किलो मावत नाहीत, सासूबाई म्हणतात, पण हवा छान खेळते.